टेस्टोस्टेरॉन कमी आहे हे ठरवताना या चुका टाळा

पन्नाशीनंतर थकवा, चिडचिड, सुटलेलं पोट दिसलं की थेट टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकावर खापर फुटतं. पण ही लक्षणं थायरॉइडचा त्रास, रक्तक्षय, नैराश्य, मधुमेह किंवा झोपेत श्वास अडकण्याच्या विकारातही दिसतात. लैंगिक इच्छा ओसरणं, पहाटे आपोआप येणारी ताठरता कमी होणं आणि संबंधाच्या वेळी ती न टिकणं, हे तिन्ही एकत्र असेल तर संशयाला खरा आधार मिळतो.

सर्वाधिक घोळ रक्त देण्याच्या वेळेत होतो. हे संप्रेरक सकाळी सर्वाधिक असतं, दुपारनंतर उतरतं. पोटात अन्न गेलं तरी उतरतं. म्हणून रक्त सकाळी ७ ते १० दरम्यान, उपाशीपोटीच द्या. ताप किंवा शस्त्रक्रियेनंतर पूर्ण बरे होईपर्यंत थांबा. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना सांगा, त्यांनी काही तपासण्यांचा आकडा खोटाच वाढतो. आणि एका रिपोर्टवर निदान नको. वेगळ्या एखाद्या दिवशी, शक्यतो त्याच लॅबमध्ये, पुन्हा तपासा. बऱ्याच जणांचा दुसरा आकडा नॉर्मल येतो.

अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशन ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरखालचा आकडा कमी धरते. पण २९० आला म्हणून घाबरू नका. रक्तातलं बरंचसं टेस्टोस्टेरॉन एसएचबीजी या प्रथिनाला चिकटलेलं असतं. लठ्ठपणात हे प्रथिन घटतं, त्यामुळे एकूण आकडा कमी दिसतो, मोकळं (प्रथिनाला न चिकटलेलं) टेस्टोस्टेरॉन मात्र पुरेसं असू शकतं. वय वाढतं तसं ते प्रथिन वाढतं, मग उलटी फसगत होते: एकूण आकडा ठीक दिसतो, मोकळं मात्र कमी असू शकतं. आकडा काठावर असेल तर एसएचबीजी आणि अल्ब्युमिन (रक्तातलं आणखी एक प्रथिन) मोजून मोकळं टेस्टोस्टेरॉन गणिताने काढायला सांगा. ते थेट मोजणारे साधे किट भरवशाचे नसतात.

कमतरता पक्की झाली तरी कारण शोधायचं राहतंच. एलएच (वृषणांना टेस्टोस्टेरॉन बनवायला लावणारं पिट्यूटरीचं संप्रेरक) वाढलेलं असेल तर दोष वृषणांत. ते कमी किंवा नॉर्मल असेल तर मेंदूतल्या पिट्यूटरी ग्रंथीकडे बघावं लागतं. मग प्रोलॅक्टिन (पिट्यूटरीचं आणखी एक संप्रेरक), फेरिटिन (शरीरातला लोहसाठा) तपासतात. टेस्टोस्टेरॉन १५० खाली आणि एलएचही वाढलेलं नसेल तर एमआरआय. ओपिऑइड (अफूवर्गातली) वेदनाशामकं, स्टेरॉइड हेही कारण असू शकतं, म्हणून चालू औषधांची यादी सोबत न्या.

निदानाआधी इंजेक्शन किंवा जेल सुरू करू नका. बाहेरून संप्रेरक मिळालं की एलएच दबतं, मूळ कारण शोधणं अवघड होतं, शुक्राणूही घटतात. मूल हवं असेल तर हे आधीच सांगा. उपचारापूर्वी हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) आणि पीएसए (प्रोस्टेट ग्रंथीची रक्तचाचणी) तपासून घ्या. उपचार चालू असताना हिमॅटोक्रिट ५४ टक्क्यांवर गेला तर डोस थांबवावा लागतो.