शांतिसेनेबद्दल मत बनवताना या चुका टाळा

पहिला घोटाळा नावातच होतो. १९८७ मध्ये श्रीलंकेत गेलेली भारतीय शांतिसेना संयुक्त राष्ट्रांची नव्हती. ती भारत आणि श्रीलंका या दोन सरकारांच्या करारानुसार गेली आणि त्या करारावर एलटीटीईची, म्हणजे तिथल्या सशस्त्र तमिळ बंडखोर संघटनेची, सहीच नव्हती. ज्यांना शस्त्रं खाली ठेवायला लावायची, त्यांचाच मनापासून होकार नाही! ऑक्टोबरात लढाई जुंपली. महार रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन २५ नोव्हेंबरला तिथे धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. म्हणून मोहीम कुठलीही असो, ती कोणी पाठवली आणि भांडणाऱ्या सगळ्यांना ती मान्य होती का, हे आधी तपासा.

‘सैनिक तिथेच होते, मग कत्तल थांबवली का नाही?’ आफ्रिकेतल्या रवांडात १९९४ मध्ये तुत्सी लोकांची कत्तल झाली, तेव्हा संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना तिथे होती; तिच्याबद्दल हा प्रश्न हमखास येतो. प्रश्न रास्त आहे, पण तो बहुतेक वेळा चुकीच्या माणसांना विचारला जातो. त्या सेनेचे सेनापती रोमियो डॅलेअर यांनी ११ जानेवारी १९९४ रोजी न्यूयॉर्कला, संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयाला, तार पाठवून लपवलेल्या शस्त्रसाठ्यांची खबर दिली होती. छापा घालू द्या, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. उत्तर आलं, हे तुमच्या अधिकारात बसत नाही. ७ एप्रिलला बेल्जियमचे १० शांतिसैनिक मारले गेले आणि बेल्जियमने आपली तुकडी परत बोलावली. २१ एप्रिलला, कत्तल ऐन भरात असताना, सुरक्षा परिषदेने सेना वाढवण्याऐवजी ती २७० वर आणायचं ठरवलं. सुमारे शंभर दिवसांत अंदाजे आठ लाख माणसं मेली. दोष शोधायचाच तर आधी सुरक्षा परिषदेचा ठराव वाचा: सैनिक किती दिले, गोळी कधी चालवायची मुभा होती, आणि त्याच्या बाजूने कोणी मत दिलं.

निःपक्षपाती म्हणजे मारणारा आणि मरणारा सारखाच मानणारा, हीसुद्धा गैरसमजूतच. पंच कोणाच्या बाजूने खेळत नाही, पण फाउल झाला की शिट्टी वाजवतोच. स्वसंरक्षणासाठी आणि सोपवलेलं काम पार पाडण्यासाठी बळ वापरायला या सैनिकांना बंदी नसते.

आणि गोळीबार थांबला म्हणजे तंटा मिटला असं धरून चालू नका. तंटा मिटतो तो वाटाघाटींच्या टेबलावर. सैनिक तोवर दोघांमध्ये उभे राहून वेळ मिळवून देतात. सायप्रसमध्ये संयुक्त राष्ट्रांचे सैनिक १९६४ मध्ये उतरले. त्यांचं नेतृत्व करणारे आपले जनरल थिमय्या डिसेंबर १९६५ मध्ये तिथेच, पदावर असताना वारले. ते बेट आजही दुभंगलेलं आहे, आणि निळ्या टोप्यांचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांचा, पहारा अजून उठलेला नाही.