रोज तेच ते वाटतंय? कॅलेंडरला पेन बांधा

रोज सोलापुरातला तोच सात रस्ता चौक, तेच काम, आणि रात्री कुणी विचारलं आज काय झालं तर काहीच आठवत नाही, असं होत असेल तर हे करून बघा.

भिंतीवरच्या कॅलेंडरला दोऱ्याने पेन बांधा. जेवण झालं की त्या तारखेच्या चौकोनात चार-पाच शब्द लिहायचे, आज नवीन काय दिसलं ते. माझं कालचं, "सिद्धेश्वर तलावावर बगळे". परवाचं, "आजींनी शेंगाचटणी कुटली, वास जिन्यापर्यंत". रात्री लिहायचंय म्हणून दिवसभर डोळे आपोआप शोधत राहतात, खरा फायदा तोच.

महिना संपला की सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवा, आईला तर हे फार आवडतं.

फक्त एक, दिवस चुकला तर चौकोन रिकामा सोडा, मागचं आठवून भरत बसू नका.