पवित्र शास्त्र वाचताना देवाचं ऐकायला कसं शिकावं

शमुवेल लहान असताना एका रात्री देवाने त्याला नावाने हाक मारली आणि तो उठून धावला तो थेट म्हाताऱ्या याजकाकडे, म्हणजे पुजारी एलीकडे. असं तीनदा झालं. पवित्र शास्त्रातल्या, म्हणजे बायबलमधल्या, 'पहिले शमुवेल' या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायातली ही गोष्ट मला फार धीर देते, कारण तिथे स्पष्टच लिहिलंय की शमुवेलला तोवर परमेश्वराची ओळख झालेली नव्हती. हाक खरी होती, कानही शाबूत होते, पण आवाज कुणाचा हे ओळखायला त्याला शिकवावं लागलं. म्हणून 'देव माझ्याशी बोलतच नाही' असं कुणी म्हणालं की मला पहिल्यांदा हेच सांगावंसं वाटतं, की हे शिकता येतं.

देव असं बोलतो, आपलं मन उघड करतो, त्याला प्रकटीकरण म्हणतात. प्रकटीकरण म्हटलं की दृष्टान्त, देवदूत, लखलखाट असं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. मी लिहितेय ते त्याहून साधं आहे. वाचता वाचता एखाद्या वचनाशी आपण अडतो, ते आपल्या आजच्या प्रश्नाला हात घालतं, आणि हे मलाच म्हटलंय हे आतून कळतं.

प्रश्न घेऊन बसा

'देवा, माझं भलं कर' हा प्रश्न नव्हे. 'आईला माझ्याकडे आणू, की आहे तिथेच राहू देऊ?' हा प्रश्न. हबक्कूक संदेष्टा देवाकडे सरळ तक्रार घेऊन गेला आणि मग पहारेकऱ्यासारखा बुरुजावर उभा राहिला, देव काय म्हणतो ते बघायला. तसं उभं राहायचं. वहीच्या पानावर वर तारीख घाला, खाली प्रश्न एका वाक्यात लिहा, आणि तो मोठ्याने देवाला सांगा. याकोबाच्या पत्रात पहिल्याच अध्यायात म्हटलंय की ज्याला ज्ञान कमी पडतं त्याने मागावं. देव दोष न लावता देतो. मागायला लाजू नका.

एकच पुस्तक, सलग, थोडं थोडं

डोळे मिटून पान उघडायचं आणि बोट पडेल ते वचन आपलं मानायचं, ही सवय सोडा. कुणी म्हणेल, संत ऑगस्टीनला 386 साली मिलानच्या बागेत असंच प्रेषित पौलाच्या रोमकरांस पत्रातलं वचन मिळालं होतं. मिळालं खरं. पण पौलाची पत्रं तो त्याआधीपासून वाचत होता, आणि कित्येक वर्षं स्वतःशी झगडत होता. जमीन नांगरलेली होती. तुम्हीही एक शुभवर्तमान (येशूचं जीवन सांगणारं पुस्तक) किंवा एक पत्र घ्या आणि रोज दहा-पंधरा ओळी वाचा. नवख्या माणसाने मार्कपासून सुरुवात करावी असं माझं मत आहे, कारण ते सर्वांत लहान आणि वेगवान शुभवर्तमान आहे.

पुटपुटत वाचा

पहिल्या स्तोत्रात जिथे 'मनन' म्हटलंय, तिथे मूळ हिब्रू शब्द आहे 'हागा'. त्याचा अर्थ पुटपुटणं, गुणगुणणं. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात हाच शब्द शिकारीवर गुरगुरणाऱ्या सिंहासाठी आणि कण्हणाऱ्या पारव्यासाठी आलाय. म्हणजे मनन तोंडाने करायचं असतं, ओठ हलले पाहिजेत.

एक वचन घेऊन बघू या. मार्कच्या दहाव्या अध्यायात आंधळा बार्तीमय रस्त्याकडेला बसून ओरडतोय. येशू थांबतो, त्याला बोलावतो आणि विचारतो: 'मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे?' हे वाक्य चारदा म्हणा, दर वेळी वेगळ्या शब्दावर जोर देऊन. 'मी' म्हणताना विचारणारा कोण ते जाणवतं. 'तुझ्यासाठी' म्हणताना गर्दी मागे पडते. 'काय' म्हणताना आपण अडतो, कारण नेमकं काय हवंय हे आपल्यालाच ठाऊक नसतं. 'इच्छा' या शब्दाशी मी स्वतः एकदा अख्खी सकाळ घालवली. आंधळ्याला काय हवंय हे उघड दिसत असताना येशूने ते त्याच्याच तोंडून का वदवून घेतलं असेल? उत्तर शोधायची घाई करू नका. 12व्या शतकातल्या गीगो दुसरा या मठवासीयाने म्हटलंय की वाचन म्हणजे घास तोंडात घेणं आणि मनन म्हणजे तो चावणं. आपल्यातले बहुतेक जण घास तसाच गिळतात.

गप्प बसा, मग लिहा

एलीया संदेष्ट्याला होरेब डोंगरावर वारा, भूकंप आणि अग्नी यांत परमेश्वर भेटला नाही. त्यानंतर आलेल्या मंद वाणीत भेटला. आणि ती वाणी काय म्हणाली बघा: 'एलीया, तू इथे काय करतोस?' आधी विचारलेला प्रश्नच पुन्हा. मग परत जायची वाट आणि पुढची कामं. खुलासा फारसा नाही. तुम्हालाही पुष्कळदा असंच मिळेल, कारणाऐवजी पुढचं पाऊल. पाच मिनिटं शांत बसा आणि मनात उमटेल ते वहीत उतरवा. हबक्कूकलाही लिहून ठेव असंच सांगितलं होतं. न लिहिलेलं दुपारपर्यंत विरून जातं.

पारखून घ्या

इथे घाई अजिबात नको. सैतानाने अरण्यात येशूपुढे 91वं स्तोत्रच म्हणून दाखवलं होतं. एक वचन जुळलं म्हणजे देव बोलला असं होत नाही. बिरुया गावातले लोक तर पौलाचं बोलणंही रोज शास्त्रात ताडून बघत, आणि 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात त्यांची वाखाणणी केलीय.

मी तीन गोष्टी बघते. जे उमटलं ते शास्त्राच्या एकूण शिकवणीशी आणि ख्रिस्ताच्या स्वभावाशी जुळतं का? त्याने माझ्यात प्रीती, शांती, सहनशीलता वाढते, की अहंकार आणि भीती? आणि ते माझ्याबद्दल आहे का? एकदा एका ओळखीच्या व्यक्तीने मला सांगितलं होतं की माझ्या आजारपणाचं कारण देवाने तिला दाखवलंय. पुढे कित्येक महिने मला शास्त्र उघडवेना. दुसऱ्याच्या आयुष्याचा निकाल वाचून दाखवायचं काम आपल्याला दिलेलं नाही. लग्न, पैसा, औषधोपचार यांतला निर्णय असेल तर विश्वासातल्या एखाद्या प्रौढ माणसाशी आणि त्या विषयातल्या जाणकाराशी बोलल्याशिवाय पाऊल उचलू नका. देवाला त्यांच्यातूनही बोलता येतं.

कळलं तेवढं करा

एका वर्षी मी नोकरी बदलू का, हा प्रश्न वहीत लिहून मत्तयाचं शुभवर्तमान वाचत होते. पाचव्या अध्यायात आले: वेदीपाशी अर्पण आणलंस आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी त्याच्याशी समेट कर. दादाशी मी दोन वर्षं बोलले नव्हते. तीन दिवस मी पुढचे अध्याय वाचायचा प्रयत्न केला, पण मन त्याच ओळीकडे परत येई. चौथ्या दिवशी फोन लावला. 'कशी आहेस गं?' एवढंच तो म्हणाला आणि दोघंही रडलो. नोकरीचं उत्तर त्यानंतर चार महिन्यांनी मिळालं. पण आधीची ओळ डावलून मला ते ऐकू आलं असतं असं वाटत नाही.

काहीच ऐकू आलं नाही तर

असे दिवस येतात, आठवडेही येतात. त्यात तुमचं पाप किंवा आळस शोधत बसू नका. 88वं स्तोत्र रात्रंदिवस आरोळी मारणाऱ्या माणसाचं आहे. त्याला शेवटपर्यंत उत्तर मिळत नाही, मूळ हिब्रूत ते 'अंधार' या शब्दावर संपतं, आणि तरी ती प्रार्थना शास्त्रात आहे. त्या दिवशी तेच मोठ्याने वाचा. मग वहीत नवी तारीख घाला, खाली तोच प्रश्न पुन्हा लिहा, आणि दुसऱ्या दिवशी जिथे थांबला होता त्या ओळीपासून वाचायला लागा.