पर्लिनच्या जोडात आधी पत्रा चुरगळावा, बोल्ट नव्हे

कोल्हापूरजवळ शिरोली, गोकुळ शिरगावकडे शेड उभी करताना झेड पर्लिन (छपराचा पत्रा पेलणाऱ्या, Z आकारात वाकवलेल्या आडव्या पट्ट्या) बहुधा दीड-दोन मिलिमीटर पत्र्याच्या असतात. जाड अँगलच्या जोडाचा अंदाज इथे चालत नाही. पत्रा भोकाच्या कडेला चुरगळत असेल तर जोड सरकलेला डोळ्यांना दिसतो. बोल्ट मात्र सांगून तुटत नाही.

धरा, 2 मिमीचे दोन पत्रे एकावर एक, पत्र्याची ताणशक्ती 410 मेगापास्कल, एम12 (12 मिमी व्यासाचा) बोल्ट. डोक्याखाली आणि नटाखालीही वॉशर असेल तर भोकाची ताकद 3 × 12 × 2 × 410 (3 हा नियमातला गुणक), म्हणजे सुमारे 29.5 किलोन्यूटन. एकीकडचा वॉशर जरी वाचवला तरी ती पाऊणपट, 22 वर येते. 4.6 ग्रेडचा, म्हणजे साधा बोल्ट आट्यांवर कापला गेला तर 19.5 लाच जातो, म्हणजे आधी तोच तुटणार. जास्त ताकदीचा 8.8 ग्रेडचा 39 पर्यंत टिकतो, तोच घ्या. (हे आकडे सुरक्षा गुणक लावण्याआधीचे.)

आता कड. भोकाच्या मध्यापासून 18 मिमी अंतर नियमात बसतं, पण जोर कडेच्या दिशेने आला तर पत्रा 11 किलोन्यूटनलाच फाटतो. पूर्ण ताकद हवी तर 36 मिमी सोडा. दोन बोल्टांतही तेवढंच अंतर किमान ठेवा.

ताकद जमली तरी ताठपणा वेगळाच. एम12 ला 13 मिमीचं भोक ठेवा. 400 मिमी अंतरावरचे दोन बोल्ट विरुद्ध दिशांना 1-1 मिमी सरकले, तरी 3 मीटर लांब पर्लिनचं मोकळं टोक 15 मिमी खाली जातं. भोक 14 चं केलं की 30! बोल्ट लांब-लांब ठेवले तर हाच झोल कमी होतो, म्हणून लॅप (दोन पर्लिन एकमेकींवर चढतात तेवढी लांबी) आखडता घेऊ नका. घट्ट आवळल्याने घर्षण धरेल या भरवशावर राहू नका. गॅल्व्हनाइज्ड पत्रा गुळगुळीत असतो.

भोक पंच किंवा ड्रिलनेच पाडा. जुळलं नाही म्हणून गॅसने वाढवलं की जस्त जळतं, भोक लंबुळकं होतं आणि वर काढलेला हिशेब रद्द. आधी सगळे बोल्ट हाताने बसवा, पर्लिन सरळ करा, मगच पाना लावा.

वळवाच्या वाऱ्यात छप्पर वर उचललं जातं, जोडावरचा जोर उलटतो. त्यामुळे वळीव झोडपून गेला की लॅपच्या टोकाचे बोल्ट आधी तपासा.