व्हॅन आयकच्या लाल पागोटेवाल्याची कॉपी करताय? या चुका टाळा

पंधराव्या शतकातला चित्रकार यान व्हॅन आयक, त्याचं लाल पागोट्यातल्या माणसाचं पोर्ट्रेट, १४३३ चं, लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे, आणि तो माणूस बहुधा आयक स्वतःच. ऑइलमध्ये थोडा हात बसला की बरेच जण याची कॉपी करायला घेतात आणि पहिली चूक साइजमध्येच होते. मूळ चित्र फ्रेम सोडून जेमतेम २६ बाय १९ सेंटीमीटर, म्हणजे ए-फोर कागदापेक्षाही लहान! आपण ते दोन बाय तीन फुटांच्या कॅनव्हासवर ताणतो आणि मग चेहरा सपाट दिसतो म्हणून कुरकुरतो. त्यात कॅनव्हासच्या विणीवर बारीक रेषा तुटतात. मूळ ओकच्या फळीवर आहे, तुम्ही निदान एमडीएफ घ्या, जेसोचे (रंगाआधी लावायचा पांढरा लेप) पातळ हात द्या आणि प्रत्येक हात पॉलिश पेपरने घासा.

पागोटं चिखलासारखं दिसतंय? मग तुम्ही सावलीसाठी लालमध्ये काळा मिसळलाय, हमखास. आधी व्हर्मिलियनसारख्या लालने घड्या उभ्या करा, तो थर पूर्ण वाळू द्या, मग सावलीत गडद पारदर्शक लालचे पातळ ग्लेझ, म्हणजे खालचा रंग दिसू देणारे थर, चढवा, एकावर एक, घाई न करता. आणि हे आपल्याकडचं पागोटं नाही बरं का, ती शॅपरॉन नावाची टोपी आहे, लोंबणारी टोकं वर गुंडाळून बांधलेली, त्यामुळे कुठली घडी कुठून येते ते आधी पेन्सिलने शोधा नाहीतर डोक्यावर नुसता लाल गोळा बसतो.

डोळे ही तर माझ्या मते या चित्राची खरी परीक्षा. लोक ट्यूबमधला पांढरा थेट लावतात आणि माणूस भुतासारखा बघायला लागतो. आयकने पांढऱ्यात अगदी किंचित लाल-निळं घातलंय, वरून लालचा विरळ थर, आणि तो ओला असतानाच त्यात लाल शिरा ओढल्यात. झूम करून बघाच. हनुवटीवरची खुंटंही दिसतील.

रंग तडकतोय? खालच्या थरात तेल जास्त, वरच्यात कमी झालंय, उलटं करा. पावसाळ्यात वाळायला वेळ लागतो, हेअर ड्रायर मारू नका.

आणि फ्रेम सोडू नका प्लीज. खालच्या पट्टीवर सही आणि २१ ऑक्टोबर १४३३ ही तारीख आहे, अक्षरं कोरलेली वाटतात पण रंगवलेली आहेत.