ट्रेलरसोबत छोटा तंबू घेताना

कॅम्पिंगच्या ट्रेलरमध्ये, म्हणजे गाडीमागे ओढत न्यायच्या फिरत्या घरात, झोपायला जागा पुरत नसेल, तर बाजूला एक छोटा तंबू टाकणं सोपं पडतं. पण 'दोन माणसांचा' या लेबलवर जाऊ नका. त्यात बहुतेकदा माणशी जेमतेम 60 सेंटीमीटर रुंदी धरलेली असते. दोन मॅट कडेला कड लावून बसतात आणि बॅगा राहतात बाहेर. दोघं झोपणार असतील तर तिघांचा घ्या. कोणी उंच असेल तर लांबीही बघा. पाय कापडाला टेकले की आत धरलेल्या दवाने पहाटेपर्यंत स्लीपिंग बॅग ओलसर होते.

हलका तंबू म्हणून जास्त पैसे मोजू नका, पाठीवर थोडाच न्यायचाय! ट्रेलर लावायची जागा पुष्कळदा खडीची, टणक असते, खुंट्या आत जात नाहीत. म्हणून स्वतःच्या काड्यांवर उभा राहणाराच बरा. वाऱ्यासाठी दोऱ्या मात्र बांधाच, खुंटी नाही तर जड दगडाला.

खाली अंथरलेली ताडपत्री तंबूबाहेर डोकावत असेल तर कडा आत दुमडा. नाहीतर पावसाचं पाणी तिच्यावर साचून थेट पाठीखाली येतं. मी हे रात्री दोन वाजता भिजून शिकलोय.