बटाट्याच्या फोडींनी परासरण कसं मोजावं

पेशीत पाणी शिरतं कसं आणि बाहेर पडतं कसं, हे पाठ करण्यापेक्षा एकदा मोजून पाहिलेलं कधीही चांगलं. त्यासाठी एक मोठा घट्ट बटाटा, मीठ, सहा पेले, सुरी, मोजपट्टी आणि वजनकाटा एवढं पुरेसं आहे. काटा 0.1 ग्रॅमपर्यंत दाखवत असेल तर उत्तम. नसेल तर प्रत्येक पेल्यासाठी चार-पाच फोडी घ्या आणि त्यांचं वजन एकत्रच करा.

द्रावणं

सगळ्या पेल्यांत 200 मिलिलिटर पाणी घ्या. दोन पेल्यांत मीठ घालू नका. उरलेल्या चारांत अनुक्रमे 1, 2, 4 आणि 8 ग्रॅम मीठ विरघळवा, म्हणजे साधारण अर्धा, एक, दोन आणि चार टक्क्यांची द्रावणं तयार होतील. चिठ्ठ्या लगेच चिकटवा, कारण मीठ विरघळल्यावर सगळे पेले सारखेच दिसतात.

फोडी

साल पूर्ण काढा. सालीतून पाणी सहज जात नाही, आणि एखाद्या फोडीवर ती राहिली तर तुलनाच बिघडते. पाच सेंटिमीटर लांब आणि एक सेंटिमीटर जाड अशा एकसारख्या फोडी कापा. जाडी सारखी हवी, कारण देवाणघेवाण पृष्ठभागातून होते. एक सेंटिमीटरच्या घनाला दर घन सेंटिमीटरमागे 6 चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग मिळतो, दोन सेंटिमीटरच्या घनाला फक्त 3. अमीबाचं काम नुसत्या पेशीपटलावर, म्हणजे पेशीभोवतीच्या पातळ पडद्यावर, भागतं, पण मोठ्या प्राण्यांना फुप्फुसं किंवा कल्ले लागतात, त्याचं मूळ या हिशेबात आहे.

एका पेल्यापुरत्या फोडी पाच मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवून गार करा. त्या बिनमिठाच्या दुसऱ्या पेल्यासाठी. ही पायरी बरेच जण गाळतात, आणि माझ्या मते प्रयोगाचा खरा अर्थ तिथेच आहे.

वजन

प्रत्येक फोड टिपकागदावर हलकेच टिपून वजन करा, आकडा लिहा आणि मग ती पेल्यात सोडा. दोन तासांनी बाहेर काढून तितकंच टिपून पुन्हा वजन करा. टिपण्यात हयगय झाली तर वरवरचं पाणीच वजनात धरलं जातं. फरक टक्क्यांत काढा: फोड 8.0 ग्रॅमची 8.6 झाली, तर वाढ 0.6 ग्रॅम, म्हणजे 7.5 टक्के.

काय दिसतं

साध्या पाण्यातली कच्ची फोड जड आणि ताठ होते, वाकवली तर कडकन मोडते. चार टक्क्यांतली हलकी आणि इतकी लिबलिबीत होते की बोटाभोवती वळवता येते. पेशीपटल पाण्याला वाट देतं, मिठाला सहजासहजी देत नाही. त्यामुळे जिकडे विरघळलेले पदार्थ जास्त, तिकडे पाणी जातं. हेच परासरण. साध्या पाण्यात फोड फुटत नाही, कारण वनस्पतीच्या पेशीला बाहेरून भक्कम पेशीभित्तिका असते. तांबड्या रक्तपेशीला ती नसते, म्हणून ती साध्या पाण्यात फुटते. शिरेतून देण्याचं सलाइन 0.9 टक्के मिठाचं असतं ते याचसाठी.

उकडलेली फोड साध्या पाण्यात असूनही ताठ होत नाही. पेशीभित्तिका, पिष्ट, पाणी हे सगळं तिच्यात आहे. उष्णतेने पेशीपटलं मात्र फाटली आहेत. कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला नाही हे ठरवणारं पटलच गेलं, की आतला दाब टिकत नाही.

आलेख

आडव्या अक्षावर मिठाचं प्रमाण आणि उभ्या अक्षावर वजनातला टक्केवारीचा बदल घेऊन कच्च्या फोडींचे बिंदू मांडा. रेषा जिथे शून्य ओलांडते, त्या द्रावणात पाणी जितकं आत जातं तितकंच बाहेर येतं. तुमच्या बटाट्याच्या पेशीरसाची तीव्रता साधारण त्या द्रावणाइतकी आहे. प्रत्येक बटाट्याचा हा बिंदू थोडा निराळा येतो, तेव्हा सगळ्या फोडी एकाच बटाट्याच्या हव्यात.

वेळ असेल तर दोन आणि चार टक्क्यांतल्या लिबलिबीत फोडी साध्या पाण्यात टाकून पाहा. ज्यांच्या पेशी जिवंत आहेत, त्या तासा-दोन तासांत पुन्हा ताठरायला लागतात. रात्रभर तीव्र द्रावणात राहिलेल्या फोडींचं मात्र सांगता येत नाही.